लाईनीतला दुसरा नंबर

माझा बाप गावात कुणापुढं वाकणारा माणूस नव्हता. मोठ्या घरच्या ओट्यापुढून जातानाही त्याची मान ताठ असायची. पण हाच माणूस माझ्याच वयाच्या, माझ्याच उंचीच्या एका पोराच्या पायावर डोकं टेकवायचा, आणि ते मी दारात उभा राहून बघायचो. मुंजा माझा आतेभाऊ. आत्याच्या गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, त्याला शिकायला आमच्या घरी आणून ठेवला. आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, भाच्यानं मामाच्या नाही. भाचा म्हणजे देव. त्याला शिवी द्यायची नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याचं उष्टं ताट त्याला उचलू द्यायचं नाही. सणाला येऊन चार दिवसांत जाणाऱ्या भाच्याचं हे सगळं ठीक आहे. पण देव बारा महिने घरातच राहायला आला तर घरच्या पोराचं काय होतं, ते मला विचारा.

घर दोन खणांचं. एका खणात चूल, जात्याची जागा आणि ज्वारीची कणगी, दुसऱ्यात आमी सगळे. सकाळी डोळे उघडायच्या आत मायच्या भाकरी थापायचा आवाज कानावर यायचा, थप थप थप, आणि मधेच तवा खरडल्याचा. त्या आवाजावरून मला कळायचं किती भाकरी झाल्या. पहिली भाकर चुलीपुढून निघाली की ती मुंजाची. फुगलेली, पापुद्रा सुटलेली. तिच्यावर करडईच्या तेलाची धार, बाजूला जवसाची चटणी, आणि म्हशीनं दूध चोरलं नसेल तर वाटीभर साय. मला दुसरी भाकर, आणि साय नाही. कधी बोललो तर माय म्हणायची, "तू घरचा हायस, तो पावना हाय." वर्षभर राहणारा कसला पाहुणा? जेवून झालं की मुंजा ताटातच हात धुवायचा आणि उठायला लागायचा, ताट उचलायला हात घालायचा. तेवढ्यात मायचा आवाज यायचा, "मुंजाजी, ऱ्हाऊ द्या. ग्यानू, उचल ते. हात झिजत न्हाईत तुझे." मी उचलायचो. त्याचं खरकटं म्हशीच्या टोपल्यात टाकायचो. माझ्याच मायनं पोटच्या पोराला 'अरे' आणि त्याला 'मुंजाजी' म्हणायचं, हे मी कधी पचवलं नाही. आज सत्तरी उलटली तरी पचलेलं नाही.

हे ताटाचं गाऱ्हाणं मी माझ्या बायकोजवळ, कौसाजवळ, किती वेळा सांगितलं असेल. ती एकदा चिडून म्हणाली, "एका वर्षाच्या ताटाचं काय घेऊन बसलात? मी जन्मभर तुमचं उचलायले, मी म्हणलं का काही?" तिला जाऊन आता आठ महिने झाले. आता माझं ताट मीच उचलतो. सून उचलायला येते, मीच उचलू देत नाही.

आठवीत दिवाळीच्या आधी शाळेत छात्रसेना सुरू झाली. आमी पोरं आणि गाव तिला नुसतं परेड म्हणायचं. शाळा आमच्या गावाहून दोन कोसावर, चुडाव्याच्या अंगाला. दर शनिवारी परभणीहून एक उस्ताद यायचे, फौजेतले. सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरायचे आणि तिथून शाळेपर्यंत चालत यायचे, पण चालत आल्यासारखे दिसायचे नाहीत. कपड्याला घडी नाही, बुटाला धूळ नाही. आमच्यासारखाच रस्ता तुडवून हा माणूस असा कोरा कसा येतो, याचं आमाला लय नवल वाटायचं. ते डोंगराकडचे कुठलेसे, मराठी येत नव्हतं, आणि आमाला त्यांची हिंदी येत नव्हती. पण 'सावधान' म्हणले की कळत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना उन्हात उभं केलं, छाती बघितली, गुडघे बघितले, आणि तीस पोरं निवडली. मुंजा पहिल्या फटक्यात. माझ्यापुढं थांबले, वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "ये उसका भाई है क्या?" मास्तर म्हणाले, "हां, भाई है." "तो ले लो." म्हणजे परेडीत मी घुसलो तो मुंजाचा भाऊ म्हणून. सुरुवातच अशी.

खाकी चड्डी, खाकी सदरा, पितळी बक्कलाचा पट्टा, लाल तुऱ्याची टोपी आणि बूट असं सगळं शाळेकडून मिळालं, वर्षाअखेरीला परत द्यायच्या बोलीवर. बुटांचा ढीग खोलीत ओतला होता. डावा-उजवा शोधायचा, मापाचं नशिबानं सापडेल ते. माझ्या आयुष्यातले ते पहिले बूट. दोन बोटं मोठे निघाले. मुंजाचेही मोठेच. आमी घरी आणले तर आबांनी कणगीमागच्या गाठोड्यातून कापूस काढला, आमच्याच रानातला, सरकी काढलेला, आणि मुंजाच्या बुटाच्या टोकात आपल्या हातानं दाबून भरला. मग बोचकं माझ्याकडं सरकवून म्हणाले, "घे, तू भर तुझ्या."

शुक्रवारी दुपारी माय दोघांचे खाकी कपडे विहिरीवर धुवून आणायची. परेडीचे कपडे कडक लागतात, असं मुंजानं सांगितल्यापासून ती ज्वारीच्या पिठाची पातळ खळ करून त्यात बुचकळायला लागली. वाळत घातले की माशा घोंगावायच्या. एकदा वासरानं माझी चड्डी चाटून चाटून मऊ केली, पिठाच्या वासानं. मुंजाची चड्डी शेजारीच होती, तिला त्यानं तोंड लावलं नाही. मी रडकुंडीला आलो तर माय पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "वासराला बी कळतंय भाचा कोण हाय ते." मग तांब्यात इंगळ भरून, बूड कपड्यावरून फिरवून ती इस्त्री करायची. चुर्र असा आवाज आणि भाजलेल्या पिठाचा वास. आधी मुंजाचे कपडे. तोवर इंगळ निवायचे, मग माझे. माझ्या सदऱ्याच्या बाहीची घडी कधी धारेवर आली नाही ती त्यामुळं. उगं बोलत नाही, मी बसून बघितलेलं आहे.

परेडीत तीन रांगा. पहिल्या रांगेत अगदी उजव्या टोकाला जो उभा राहतो, त्याला उस्ताद 'दर्शक' म्हणायचे. सगळं पथक त्याच्यावरून सरळ होतं. ती जागा उस्तादांनी मुंजाला दिली. त्याच्या डाव्या हाताला दुसरा नंबर मी, कारण उंची सारखी. आता यात गोम अशी, की 'दाहिने सज' म्हणलं की दर्शक सोडून सगळ्यांनी मान उजवीकडं वळवायची, शेजाऱ्याच्या खांद्याकडं बघायचं आणि बारीक पावलं टाकत लाईन धरायची. दर्शक तेवढा सरळ पुढं बघत उभा. म्हणजे दर शनिवारी, वीस वेळा, तीस वेळा, मला मान वळवून मुंजाच्या खांद्याकडं बघावं लागायचं, आणि त्यानं माझ्याकडं बघायचं नाही. घरात त्याचं ताट आणि मैदानात त्याचा खांदा. इतका जवळून मी त्याला बघितला की त्याच्या कानामागचा तीळ मला अजून आठवतो. त्याला घाम आला तरी तो पुसायचा नाही. मला तर उभ्या उभ्या सगळीकडं खाज सुटायची. उस्ताद माझ्या पाठीत छडी टोचून म्हणायचे, "दो नंबर, हिल मत. भाई को देख, पत्थर है पत्थर."

परेड सुटली की शाळेकडून भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा मिळायचा. ते खात आमी बाभळीखाली बसायचो आणि उस्ताद बूट चमकवायचं शिकवायचे. फडकं बोटाला गुंडाळायचं, पॉलिश घ्यायचं, थुंकी लावायची आणि बारीक बारीक गोल फिरवत राहायचं. घासायचं नाही, फिरवायचं. "इसमें अपनी शकल दिखनी चाहिए." एका पोरानं चमक यावी म्हणून घरून खोबरेल तेल लावून आणलं होतं. उस्तादांनी ते बूट सगळ्यांना दाखवले. तेल लावलं की बूट मेला, वर धूळ बसते आणि पॉलिश धरत नाही, असं त्यांनी हातवारे करून तीनतीनदा सांगितलं आणि त्या पोराला लाकडी बंदूक डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायला लावल्या. मी आणि मुंजा शेजारी शेजारी बसून हरभरे खात ते बघत होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

संक्रांत झाली आणि उस्तादांनी सांगितलं, सव्वीस जानेवारीला आपलं पथक परभणीला जाणार. जिल्ह्याची परेड. मोठमोठे साहेब येणार, बाजा वाजणार. दर्शक कोण राहणार ते येत्या शनिवारी कपडे-बूट तपासून पक्कं करू. तसं ते सांगायला सांगत होते, सगळ्यांना माहीत होतं मुंजाच राहणार. आमच्या घरीही त्याच दिवसापासून चालू झालं. माय शेजारणीला सांगायची, "आमचा मुंजाजी पुढं चालणार हाय परभणीत." "आन् ग्यानू?" "त्यो बी हाय की त्यायच्यात." त्यायच्यात! आबा तर बैलांना वैरण टाकतानाही विचारायचे, "मुंजाजी, सायेब लोकायच्या म्होरून जायचं म्हणलं तर भ्या न्हाई ना वाटायलं?" मी त्यांच्या शेजारी टोपलं धरून उभा असायचो.

मुंजाच्या टाचेला फोड आला होता. तो लंगडायचा नाही, पण घरी आल्यावर बूट काढताना तोंड वेडंवाकडं व्हायचं. ते आबांनी बघितलं. शुक्रवारी आमी शाळेतून आलो, मुंजा विहिरीवर पाय धुवायला गेला, आणि मी अंगणात आलो तर आबा उन्हात बसलेले, मांडीवर मुंजाचा बूट. आदल्या दिवशी मुंजानं तो बूट दोन तास बसून असा केला होता की त्यात आभाळ दिसत होतं. आबांच्या शेजारी करडईच्या तेलाची वाटी. आबा आपल्या वहाणांना, आसुडाला, पूर्वी मोट होती तेव्हा मोटेच्या कातड्याला हेच तेल चोळायचे. कातडं मऊ करायला त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. हाताच्या तळव्यानं ते चोळत होते, हळूहळू, बाळाला तेल लावतात तसं. शिवणीत, टाचेत, जिभेखाली. तेल पीत पीत बूट काळाकुट्ट आणि आंधळा होत चालला होता. मी दारात उभा होतो. एक बूट अजून व्हायचा होता. 'आबा, थांबा' एवढं म्हणलं असतं तर तो एक तरी वाचला असता, आणि मुंजानं दुसरा कसातरी निभावून नेला असता.

मी काही म्हणलं नाही. त्यांनी मान वर केली आणि म्हणले, "फोड आलाय त्याला. बोलत न्हाई, पर मला दिसायलंय. मऊ करून देतो." मी म्हणलं, "हां." आणि दुसरा बूट मीच त्यांच्या हाताला दिला. हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. कौसालाही मी फक्त बघितलं एवढंच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी मुंजानं बूट हातात घेतला आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. आबा समोरच उभे, तोंडभर हसत. "घाल की, घाल. बग कसे लोण्यावानी केलेत. आता टाच सोलणार न्हाई." मुंजा म्हणला, "लय मऊ झाले मामा." रोज आमी बूट हातात घेऊन अनवाणी चालायचो आणि शाळेच्या बांधावर घालायचो, धूळ लागू नये म्हणून. पण त्या दिवशी आबांना त्याला बूट घालून जाताना बघायचं होतं. त्यांनी दाराशी त्याला थांबवला आणि आज मोठा दिवस म्हणून त्याच्या पाया पडले. तेल लावलेल्या त्या बुटांवर त्यांचं कपाळ टेकलं. मग मुंजा बूट घालूनच निघाला. काळ्या रानातली ती गाडीवाट, हिवाळ्यातली वाळलेली पिठासारखी माती. अर्ध्या वाटेवर त्यानं बांधावरचा पाला तोडून पुसायला बघितलं, सदऱ्याच्या आतल्या टोकानं पुसलं. जितकं पुसावं तितकं माखत होतं. शाळा आली तोवर बूट कणकेत बुचकळून काढल्यासारखे झाले होते. मी माझे हातातले बूट बांधावर बसून घातले. चकचकीत होते. नाडी बांधताना मला माझं तोंड दिसत होतं.

उस्ताद रांगेपुढून आले आणि मुंजाच्या पायाशी थांबले. रागावले नाहीत आधी, त्यांना खरंच वाटेना. मग म्हणले, "ये क्या है?"

"बूट हाय उस्ताद."

मागं एक पोरगं फस्सकन हसलं.

"तेल किसने लगाया?"

"मैंने लगाया."

"मालूम नहीं था?"

"भूल गया उस्ताद."

उस्ताद माझ्याकडं वळले. "दो नंबर, ये भूल गया?" आता मी काय म्हणायचं? मी सावधान उभा होतो. पहिल्यांदा मला खाज सुटली नव्हती. पत्थर झालो होतो पत्थर. उस्तादांनी वाट बघितली, मग मुंजाच्या हातात लाकडी बंदूक दिली आणि मैदानाकडं बोट केलं. आणि मला म्हणले, "एक कदम दाहिने." मी उजवीकडं सरकलो. ती जागा मला मिळाली. 'दाहिने सज' झालं तेव्हा मी सरळ पुढं बघत होतो, आणि पुढं मैदानात मुंजा बंदूक डोक्यावर धरून पळत होता. खोटं कशाला लिहू, मला लय बरं वाटलं. लाज-बीज नंतरची. त्या घडीला अंगात गूळ विरघळल्यासारखं वाटत होतं.

परतताना मी विचारलं, "आबांनी लावलं म्हणून कामून न्हाई सांगितलंस? सुटला असतास."

मुंजा बूट हातात घेऊन चालत होता. "मामा माझ्या पाया पडतेत रे. त्यायचं नाव कसं घेऊ?"

"मंग घरी काय सांगायचं?"

"काही न्हाई सांगायचं. आन् तू बी सांगू नको, त्यायला वाईट वाटंल."

मी घरी बूट उन्हात ठेवले नाहीत, गोधडीत गुंडाळून ठेवले. आबांच्या नाही, मुंजा सूड म्हणून तेल लावंल या भीतीनं.

सव्वीस तारखेला आमी चुडाव्याहून गाडीनं परभणीला गेलो. आबा वेगळ्या डब्यातून आले, धोतर नीळ दिलेलं, फडक्यात धपाटे बांधलेले. मैदानाच्या कडेला लोकांची दाटी. बाजा सुरू झाला. साहेबांच्या मांडवापुढून जाताना 'दाहिने देख' झालं की सगळं पथक मान वळवतं, दर्शक तेवढा वळवत नाही, तो नाकासमोर चालतो, नाहीतर लाईन बिघडते. त्यामुळं मी साहेबही बघितले नाहीत आणि आबाही. नुसता आवाज ऐकला, "ते बगा, आमचा मुंजाजी!" दर्शक मी होतो. पहिला मी होतो. आणि माझा बाप दुसऱ्या नंबराकडं बोट करून ओरडत होता.

परत जाताना परभणीच्या फलाटावर गाडीची वाट बघत आमी धपाटे खाल्ले. आबांनी खाऊन हात झटकला आणि विचारलं, "मुंजाजी, तुमी पुढं चालणार व्हते. मंग दुसरीकडं कामून?" मुंजा सहज म्हणला, "मामा, ग्यानू बोटभर उंच झालाय माझ्यापक्षा. उस्ताद उंच पोराला घेतेत पुढं." आबांना ते पटेना. "असं कसं? परवा तर बराबर व्हते. उभे ऱ्हावा बरं." आणि भर फलाटावर, लोकांत, त्यांनी आमाला पाठीला पाठ लावून उभं केलं. मुंजाची पाठ माझ्या पाठीला टेकली. आणि मग मला कळलं की त्याचे गुडघे वाकायलेत. जरासेच. त्याच्या पोटऱ्या माझ्या पोटऱ्यांना लागल्या, पाठ सरसर खाली सरकली. आबांनी आमच्या डोक्यावर आडवा हात धरला, डोळे बारीक करून बघितलं. म्हणले, "हां. झालाय खरा." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वाढलास की रे लेका!"

त्या वर्षात माझ्या पाठीवर पडलेली ती एकच थाप, आणि तीही मुंजानं दिलेली. बूट त्याचे मी घालवले, जागा त्याची मी घेतली, आणि वर माझा बापही त्यानं मला वाकून दिला. त्याला मारावं वाटलं तेव्हा. गाडी आल्यावर मी दुसऱ्या दारातून चढलो आणि चुडाव्यापर्यंत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो आबांच्या शेजारी खिडकीला बसला होता, आणि आबा त्याला सोललेला हरभरा देत होते.

पुढच्या वर्षी मी नववीत नापास झालो आणि औताला लागलो. मुंजा शिकला, परभणीला नोकरीला लागला, घर बांधलं. आबा गेले, पण बुटांचं हे त्यांना कधीच कळलं नाही. मुंजानं सांगितलं नाही आणि मी तर सांगणारच नव्हतो. कौसाला मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं, कापूस वेचताना. तिनं ओटीतला कापूस धरून ठेवला आणि विचारलं, "मंग? सांगितलं का भावजीला?" म्हणलं, न्हाई. "सांगा मंग. इतकं काय त्यात?" मी म्हणलं, सांगू की दिवाळीला. दिवाळीला मुंजा यायचा, मिठाईचा पुडा घेऊन, आणि कौसा चहा ठेवायची. चहा देताना ती माझ्याकडं एकदा बघायची. मी वैरणीचं निमित्त काढून उठायचो. मागं दोघांचं हसणं ऐकू यायचं. माझ्यासमोर ती इतकी हसायची नाही. त्याचंही मला वाईट वाटायचं. शेवटी ती परभणीच्या दवाखान्यात पडून होती तेव्हा मुंजाच्या घरून डबा यायचा. माझ्या हातचा घास तिला जायचा नाही आणि त्याच्या डब्यातली खिचडी ती दोन चमचे खायची. मी उशाशी बसून तेही मोजत होतो. असा मी माणूस.

ती गेली. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले. मुंजा एक दिवस जास्त राहिला. दुपारी आमी दोघं ओट्यावर बसलो होतो, सुनेनं चहा आणून ठेवला होता. आता त्याला नीट ऐकू येत नाही, मला नीट दिसत नाही. चहा देताना माझ्याकडं बघणारं आता कुणी नव्हतं, म्हणूनच बहुतेक मला सांगावं लागलं. मी जरा मोठ्यानं म्हणलं, "मुंजा, त्या बुटाला आबा तेल लावायले व्हते तवा मी दारात उभा व्हतो."

त्यानं बशी खाली ठेवली. "ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"वहिनीनं."

"कवा?"

"लय वर्षं झाली. तुमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवाळीला. तू वैरण टाकायला गेलतास. म्हणल्या, भावजी, तुमी ठाव न्हाई असंच दाखवा. एक दिवस ते आपणहून सांगतेल. तवर थांबा."

"आन् तू थांबलास."

"वहिनीनं सांगितलं व्हतं ना."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कुठलं हलकं! माझा जीव पेटला. इतक्या दिवाळ्या मी त्यांच्यामधून उठून जात होतो आणि मागं हे दोघं माझं गुपित मांडीवर घेऊन चहा पीत होते. माझी बायको माझ्याबद्दल त्याच्याशी बोलत होती. मला नाही सांगितलं ते त्याला सांगितलं होतं. ताट, खांदा, बाप आणि आता हेही. उठून आत जावं म्हणून मी काठी हातात घेतली.

पण उठलो नाही. तेरा दिवसांपासून मी तिचं बोलणं आठवत बसलो होतो. चुलीपाशी काय म्हणायची, रानात काय म्हणायची, दवाखान्यात काय म्हणाली. सगळं फिरवून फिरवून झालं होतं. तिचं नवं वाक्य आता मला ऐकायला मिळणार नाही, याची मी मनाशी गाठ मारली होती. आणि या माणसानं आत्ता तिचं एक वाक्य माझ्यापुढं ठेवलं होतं, मी कधी न ऐकलेलं. 'एक दिवस ते आपणहून सांगतेल.' असं ती माझ्याबद्दल बोलली होती. तिच्या आवाजात मला ते ऐकूही आलं.

मी काठी खाली ठेवली. म्हणलं, "अजून काय म्हणायची?"

"कोण?"

"कौसा. मी वैरणीला गेल्यावर. माझ्याबद्दल, पोरायबद्दल, कशाबद्दल बी. काय काय बोलायची ते सगळं सांग."

मुंजा हसला. "ते लय हाय रे. दोन दिवस पुरंल."

"मंग आज जाऊ नको," मी म्हणलं. सुनेला हाक मारली, अजून चहा टाक म्हणलं, आणि त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाकडं सरकून बसलो.